चुकीची ज्वारी

मेजरना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी बोलावं. मी त्यांच्या पोरीची, सविताची, पहिलीची बाई. त्या माणसाशी मी बारा वर्षं भांडले. शाळेच्या फाटकात भांडले, जीपमध्ये भांडले, त्यांच्या ओट्यावर जाऊन भांडले. आणि ज्या एका दिवशी त्यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं, त्या दिवशी हा माणूस चहा पिऊन निघून गेला.

मुळात ते मेजर नव्हतेच. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन सेनगाव तालुक्यातल्या आपल्या तांड्यावर परत आले होते. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. दुसरा कोणी असता तर मिशीला पीळ देत फिरला असता. ह्यांचं तसं नाही. कोणी "रामराम मेजर" म्हटलं की जागच्या जागी थांबायचे, टाचा जुळवायचे आणि सांगायचे, "हवालदार. मेजर न्हाई." म्हातारं असो की शेंबडं पोर असो, दुरुस्ती ठरलेली. पोरं मुद्दाम लांबून ओरडायची आणि हे हातातलं काम टाकून दुरुस्ती करायचे. एकदा बैल पळाला होता, त्याच्यामागे धावता धावता थांबून ह्यांनी एका पोराला हवालदार आणि मेजर यातला फरक समजावला. बैल दुसऱ्याच्या तुरीत शिरला. खरं बोलायचं म्हणजे किती बोलायचं याला काही सुमार असतो की नाही? मी तेव्हाही म्हणाले होते, आणि त्यांनी मला "बराबर हाय बाई" म्हणून पुढे तेच केलं.

त्यांच्याकडे एक रिव्हॉल्व्हर होतं. लायसनचं, बत्तीस बोअरचं. त्या लायसनसाठी त्यांनी परभणीच्या कलेक्टर कचेरीत चपला झिजवल्या; तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता. फौजेत असताना ते पलटणीच्या नेमबाजीच्या संघात होते म्हणे. तांड्यावरच्या लोकांना वाटलं, आता हे कमरेला लावून फिरणार, लग्नात बार काढणार. ते रिव्हॉल्व्हर जर्मनच्या डब्यात, बायकोच्या जुन्या घागऱ्याच्या तुकड्यात गुंडाळून पडलेलं असायचं. सविता सातवीत गेली, तेव्हा मेजरनी ते बाहेर काढलं आणि तिच्या हातात दिलं. वय अकरा. खरं वय सांगते आहे मी.

काडतुसं लायसनवर वर्षाला मोजकीच मिळायची, म्हणून सगळा सराव रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर. त्याची तऱ्हा अशी. फटफटलं की सविता ओट्यावर एका अंगाला वळून उभी राहायची, उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ, डावा कमरेला. मेजर नळीच्या टोकावर ज्वारीचा एक दाणा ठेवायचे. मग तिनं चाप ओढायचा. घोडा खट्‌कन पडला पाहिजे, पण दाणा जागचा हलता कामा नये. हलून पडला तर ती चूक. असं रोज शंभर वेळा. पडलेला दाणा मेजर वाकून उचलायचे आणि डालड्याच्या एका डब्यात टाकायचे. वर्षभर. आणि मृगाला तो डबा घरामागच्या परड्यात पेरायचे.

तांड्यावर तिला नावच पडलं, चुकीची ज्वारी. पहिल्या वर्षी ती एवढी माजली की आत गाय शिरली तर दिसली नसती. कणसं खुडून झाली की त्या ज्वारीच्या भाकरी फक्त सविताच्या ताटात. घरात दुसऱ्या कोणी त्या पिठाला हात लावायचा नाही. मी हे ऐकलं तेव्हा शाळा सुटल्यावर तशीच तणतणत त्यांच्या घरी गेले.

"मेजर, लेकराला चुका खाऊ घालता? लाज वाटत नाही?"

"हवालदार," ते म्हणाले. "तिची चूक हाय बाई. दुसऱ्यानं काहून खायाची?"

सविता आतून हसत बाहेर आली. "बाई, लई गोड लागते. तुमी खाऊन पाहा."

मला दोघांचाही राग आला. पण मी अर्धी भाकर खाल्ली, आणि ती खरंच गोड होती.

हाताचे नियम तर विचारू नका. उजवा हात नेमाचा आणि डावा घराचा. उजव्या हातानं पाणी शेंदायचं नाही, दळायचं नाही, कापूस वेचायचा नाही. सगळा तांडा वेचणीला जायचा, त्यात ही एकटी डाव्या हातानं बोंडं काढत मागे राहायची. जीपमध्ये जागा नसली की आमच्याकडे मागच्या पायरीवर गज धरून उभं राहतात. ही डाव्या हातानं गज धरायची आणि उजवा हात छातीशी, जसं काही त्यात कोंबडीचं पिलू आहे. तिची आई माझ्यापुढे रडकुंडीला यायची. "बाई, तुमीच समजावा ह्यायला. काल लग्नात पोरगी अक्षता बी डाव्या हातानं टाकून राहिली. नवरदेवाची आई पाहून राहिली. कोन करंल हिला?" चहा तर घरातूनच हद्दपार होता. "चहानं हात हलतो," असं मेजरचं म्हणणं. सराव सुरू झाल्यापासून त्यांनी स्वतः चहाला तोंड लावलं नव्हतं, का, तर पोरीला बंदी घालायची आणि आपण प्यायचं हे बराबर नाही. कोणाच्या घरी गेले की पाणी मागायचे. माझ्याकडे किती वेळा आले असतील, पाणीच प्यायले.

आणि निवडणुका. ती वर्षं आठवा. दिल्लीत सरकार पडलं की इकडे ठाण्यातून निरोप यायचा, लायसनची सगळी हत्यारं जमा करा. मेजर धुतलेले कपडे घालून रिव्हॉल्व्हर सेनगावला नेऊन द्यायचे आणि निकाल लागून हुकूम येईपर्यंत दोन-दोन महिने ते तिथे पडायचं. सरकारं पडायची दिल्लीत आणि सराव बुडायचा आमच्या पोरीचा. अर्थात बुडू देतील तर ते मेजर कसले. सुताराकडून त्यांनी बाभळीचं रिव्हॉल्व्हर करून घेतलं, आत शिसं ओतून वजन बराबर केलं, आणि दाणा त्याच्यावर ठेवला. तांड्यावर पक्षांच्या जीपा भोंगे लावून यायच्या आणि ओट्यावर ही पोर लाकडाचं पिस्तूल रोखून उभी. एका उमेदवाराचा ड्रायव्हर तिला पाहून गाडी मागे घेताना नाल्यात गेला होता.

मी एकदा सरळ विचारलं होतं. सविता आठवीत असेल. "कशासाठी हे सगळं? पोरगी हुशार आहे, शिकवा, नर्स करा, मास्तरीण करा. हे कशासाठी?" मला वाटलं, फौजेतलं एखादं हुकलेलं मेडल सांगतील. ते खाटेवर बसले होते. घागऱ्याच्या तुकड्यानं नळी पुसत होते.

"माझ्या बापाच्या टायमाला," ते म्हणाले, "कुटं बी चोरी झाली की शिपाई पयले तांड्यावर येत. समद्या मानसायला रांगेत उभं करत. बंदुक दाखवून. माझा बाप लई डाव उभा राहिला तसा. मी बी पायलं, लहान होतो." त्यांनी नळीतून उजेडाकडे पाहिलं. "माझी पोर बी रांगेतच उभी राहील. पण बंदुक तिच्या हातात राहील, अन्‌ लोकं टाळ्या वाजवतील. बस, यवढंच हाय."

त्या दिवसापासून मी निशाण्याचे कागद करून द्यायला लागले. शाळेत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडून असायचे. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी कंपासनं वर्तुळं काढायचे आणि मधला गोल बुटाच्या पॉलिशनं काळा करायचे. तांड्यामागे एक बंद पडलेली दगडाची खदान होती. सहा महिन्यांतून एकदा मेजर तिला तिथे नेऊन खरी काडतुसं उडवू द्यायचे. एकदा मीही गेले. कानावर हात ठेवूनसुद्धा छातीत धक्का बसला. सविता मात्र शांत. एक गोळी काळ्या गोलाच्या बाहेर गेली तेव्हा तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं.

"तिकडं पाहू नको," मेजर म्हणाले. "सुटली ती आपली न्हाई. फुडची धर."

हे त्यांचं वाक्य होतं. गोळीसाठी ठीक आहे. पण ते सगळ्यालाच लावायचे. सोयाबीन पावसात भिजलं, सुटली ती आपली न्हाई. भावानं बांध कोरला, सुटली ती आपली न्हाई. ह्या वाक्याइतका राग मला जगात दुसऱ्या कशाचा आला नसेल. माणसानं कधीतरी सुटलेल्या गोष्टीमागे धावावं, ओरडावं, कुणाची गचांडी धरावी. बैलामागे धावता येतं तर ह्यामागे का नाही?

चुकीची ज्वारी वर्षावर्षाला कमी होत गेली. परड्याचा अर्धा तुकडा झाला, मग दोन ओळी, मग एक. सविता बारावी झाली त्या मृगाला डालड्याच्या डब्यात वर्षाचे तीन दाणे निघाले. मेजरनी वीतवीत अंतर सोडून ते तिन्ही लावले. पावसाळ्यात परड्यात ज्वारीची तीन धाटं उभी होती आणि तांडा येऊन येऊन बघून जात होता. मीही पाहिली. मला रडू आलं होतं, हे कबूल करते.

आता ती दुसरी गोष्ट. ती आधीची आहे, पण मी मुद्दाम इथवर आणली. मला ती सांगायची नव्हती.

मी नोकरीला लागले तो पहिला जून. तांड्यावरची चौथीपर्यंतची शाळा, हेडगुरुजी आणि मी, दोघंच. पहिलीचा पट भरला नाही तर दुसरं पद जाणार होतं, म्हणजे मी जाणार होते, कुठे फेकतील त्याचा नेम नाही. घरोघर फिरून पोरं गोळा केली तरी एक कमी पडत होतं. मेजर तेव्हा नुकतेच फौजेतून आले होते. त्यांच्या ओट्यावर एक पोरगी डबा वाजवत बसली होती.

"हिला घाला शाळेत," मी म्हणाले.

"लेकरू साडेचार वर्साचं हाय, बाई. दिवाळीच्या पाडव्याचा जलम. मला पलटणीत पत्र आलं होतं, ते हाय माझ्याकडं."

"वय मी लिहिते. एक जून टाकते. सहा पुरी दिसतील असं टाकते."

"खोटं?"

"खोटं कसलं त्यात? आमच्याकडे कुणाची नोंद असते? अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जून. माझासुद्धा एक जूनच आहे. पोरीचं एक वर्ष वाचेल."

त्यांनी नकाराची मान हलवली. मग मी रडले. खरंच रडू आलं की आणलं, ते आता मलाही सांगता येणार नाही. मी म्हणाले, माझी नोकरी जाईल इथून, दादा. मेजर उभे राहिले. "रडू नका. एक डाव लिवा. पन परत माझ्याकडून खोटं मागू नका." मी रजिस्टरमध्ये पोरीचं वय सव्वा-दीड वर्षानं वाढवून एक जून लिहिला. त्यांनी उभ्यानंच सही केली, एकेक अक्षर सुटं. पद वाचलं. मी त्याच शाळेत राहिले.

आणि बारा-तेरा वर्षांनी, सविता हिंगोलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना, औरंगाबादला निवड स्पर्धा झाली. अठरा वर्षांच्या आतल्या मुलींचा गट. पहिल्या चौघी राज्याच्या शिबिराला जाणार होत्या. शिबिरात रोज खरी काडतुसं, खरं मैदान, शिकवणारी माणसं. बापलेक मुक्कामाच्या एस.टी.नं गेले. आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या, मी नवी ओढणी दिली होती. पेपरात बातमी येईल म्हणून मी रोज पेपर चाळत होते. बातमी आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी सेनगावच्या जीपमध्ये सविता भेटली. दोन्ही हातांनी गज धरून उभी होती.

"बाई, मी पयली आले," ती म्हणाली.

मी चालत्या जीपमध्ये ओरडलेच. लोक बघायला लागले.

"मंग काढून टाकलं."

"काढलं म्हणजे?"

"निवड झाल्यावर कागद तपासले. दाखल्यावर अठरा सरून सा महिने झाले म्हणे. एक जन म्हणला, खोटं वय सांगून लहान गटात घुसली." तिचा आवाज हलला नाही. बापानं हात शिकवला तसा आवाजही शिकवला असावा. "मी खरंच सतरा वर्साची हाय ना, बाई?"

"आहेस," मी म्हणाले.

"बा म्हणला, शाळेनं लिवून देलं की बराबर तारीख धरतेत. आठ दिसाची मुदत हाय."

म्हणजे मला कळलं होतं. मला काही माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. शाळेनं लिहून द्यायचं म्हणजे कोणी, हेही मला कळलं होतं. हेडगुरुजी केव्हाच रिटायर होऊन गेले होते. रजिस्टरमधलं अक्षर माझं होतं आणि त्याच महिन्यात मुख्याध्यापकांच्या बढतीच्या यादीत माझं नाव लागलं होतं.

रविवारी सकाळी मेजर माझ्या सेनगावच्या खोलीवर आले. इस्त्रीचे कपडे, आणि काखेत एक प्लास्टिकची पिशवी, कागदांची. खुर्चीवर बसले, पिशवी मांडीवर ठेवली. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलायला सुरुवात केली. काय काय बोलले! आजकाल वरून किती कडक झालंय. रजिस्टरला हात लावला की चौकशी. परवाच एका गुरुजींनी कुणाची तरी जन्मतारीख दुरुस्त करून दिली तर सस्पेंड केलं, लेकरंबाळं उघड्यावर आली. असे कोणी गुरुजी नव्हते. मी ते बोलता बोलता रचलं.

मेजर ऐकत होते. पिशवीवर दोन्ही हात. मी दमून थांबले तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"तुमाला तकलीफ हुईल का, बाई?"

"नोकरी जाईल माझी," मी म्हणाले. तेरा वर्षांपूर्वी म्हणाले होते तेच.

त्यांनी मान हलवली. मी उठून उगाच स्टोव्ह पेटवला. पाणी द्यायचं सोडून मी चहा टाकला, आणि सवयीनं दोन कप भरले. त्यांच्यापुढे कप ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मी परत उचलणार तेवढ्यात त्यांनी तो हातात घेतला. सगळा चहा प्यायले, फुंकर घालत, सावकाश.

"चांगला झाला," म्हणाले. मग उभे राहिले, पिशवी काखेत घेतली. "सुटली ती आपली न्हाई, बाई."

आणि गेले.

अहो, काय माणूस हा! पिशवी उघडायची ना! कागद माझ्या अंगावर फेकायचा. म्हणायचं, तुझ्या नोकरीपायी मी खोटी सही केली, आता माझ्या पोरीपायी तू खरी कर. चार लोक बोलवायचे, तांडा आणायचा माझ्या दारात. मी केली असती सही. भीतीनं केली असती, लाजेनं केली असती, पण केली असती. सगळ्या जगाला थांबून थांबून हवालदार आणि मेजर समजावणारा हा माणूस, मला मात्र काही समजावायची गरज वाटली नाही त्याला. माझं असं मन राखायचा अधिकार त्याला दिला कोणी? पोरीच्या जिवावर?

मुदतीचे तीन दिवस शिल्लक होते. तीन दिवस सेनगावच्या स्टँडवरून तांड्याकडे जीपा जात होत्या, मी रोज त्यातल्याच एका जीपनं शाळेत जात होते. शाळेपासून त्यांचा ओटा दिसतो. मी मूग गिळून बसले. चौथ्या दिवशी मुदत संपली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार. मेजर त्यानंतरही भेटायचे, "रामराम बाई" म्हणायचे, जसं काही झालंच नाही. एकच फरक पडला होता, तो मला एका बाजाराच्या दिवशी कळला. पलीकडून कोणी ओरडलं, "रामराम मेजर!" मी सवयीनं थांबले, की आता हे टाचा जुळवणार. मेजरनी हात वर केला, "रामराम" म्हणाले आणि पुढे गेले. ओरडणाराच गोंधळून उभा राहिला. मी बाजार न करता परत आले.

उन्हाळ्यात सविताचं लग्न झालं, पुसेगावकडे दिली. मृगाला परडं तसंच पडून होतं. तीन वर्षांनी मेजर शेतातच बसल्या जागी गेले. मी गेले होते, बायकांच्या मागे उभी राहिले. लायसन माणसाबरोबर संपतं, म्हणून ते रिव्हॉल्व्हर त्यांच्या बायकोनं ठाण्यात नेऊन दिलं, त्याच घागऱ्याच्या तुकड्यात गुंडाळून. ते तिथेच कुठेतरी गंजत असेल.

माझी बढती झाली. पुसेगावजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून गेले. आणि तिथल्या एका जूनमध्ये सविता ऑफिसच्या दारात उभी राहिली, हाताशी एक लहान पोरगी. अंगानं भरली होती, पण खांदे तसेच सरळ.

"ही माझी," ती म्हणाली. "कधी घालायची ते इचारायला आले."

पहिलीचा पट त्याही वर्षी दोननं कमी होता. मी पोरीकडे पाहिलं. चार-साडेचार वर्षांची असेल. आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगते, विचार करायच्या आत शब्द निघाले.

"आत्ताच घाल की. एक जून टाकू."

सवितानं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं की नव्हतं, मला अजून ठाऊक नाही.

"न्हाई बाई. हिची बराबर तारीख हाय. कागद हाय." तिनं काखेतली पिशवी काढली. प्लास्टिकची, कडा पिवळ्या पडलेली. "बाची हाय. समदे कागद ह्यातच ठिवते मी."

जन्माचा दाखला शोधायला तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली. दाखला निघाला, रेशन कार्ड निघालं, पलटणीच्या पत्त्यावरचं एक जुनं पत्र निघालं, पोस्टाचा शिक्का अजून वाचता येत होता. आणि एक घडी घातलेला फुलस्केप कागद. तिनं तो बाजूला सारला. मी उचलला. एकेक अक्षर सुटं.

"माझी मुलगी सविता हिला शाळेत घालताना मी स्वतः तिचे वय जास्त सांगितले. बाईंनी माझ्या सांगण्यावरून लिहिले. त्यांचा यात काही दोष नाही. सोबत जन्माच्या वेळचे पत्र जोडले आहे. जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे."

खाली त्यांची सही. हवालदार, निवृत्त. त्याच्याखाली "समक्ष" असं लिहून एक रेघ ओढलेली, आणि रेघेखाली माझं नाव, माझा हुद्दा. रेघेवर काही नव्हतं. म्हणजे मला कुठे काही कबूल करायचंच नव्हतं. एक सही करायची होती. मी स्टोव्ह पेटवत होते तेव्हा हा कागद त्यांच्या मांडीवर होता.

संतापाच्या भरात माझ्याच्यानं पेनाचं टोपण निघेना. दातांनी काढलं. कागद टेबलावर सपाट केला आणि त्या रेघेवर सही केली. खाली त्याच दिवसाची, खरी तारीख घातली.

सविता बघत होती. तिनं पोरीचा हात धरला, उजव्या हातानं, आणि विचारलं,

"आता काहून, बाई?"